मिश्र जातीचा कुत्रा घरी आणताय? पहिल्या दिवसापासून पहिल्या वर्षापर्यंत काय करायचं

मिश्र जातीचा कुत्रा घरी आला की भेटेल तो पहिलं हेच विचारतो, "कोणत्या जातीचा?" मग अंदाज बांधले जातात. कान उभे, म्हणजे जर्मन शेफर्ड असणार. डोकं रुंद, म्हणजे लॅब्रेडॉर. तेवढ्यावर स्वभावही ठरवून टाकतात: हा राखण करेल, तो मुलांत रमेल. नव्यानं कुत्रा पाळणाऱ्यांचं गणित पहिल्यांदा इथेच चुकतं. मिश्र कुत्र्याची जात दिसण्यावरून ओळखणं फार बेभरवशाचं काम आहे, आणि जात कळली म्हणून स्वभाव कळतो असंही नाही. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. १८,००० हून अधिक कुत्र्यांची माहिती त्यांच्या मालकांकडून गोळा केली होती आणि त्यांपैकी २,००० हून अधिक कुत्र्यांची जनुकंही तपासली होती. दोन कुत्र्यांच्या वागण्यात जो फरक असतो, त्यातला सुमारे ९ टक्केच जातीवरून सांगता येतो, असं त्यातून निघालं.

त्यामुळे आपल्या घरातल्या कुत्र्याविषयीची माहिती आपल्यालाच जमवावी लागते, त्याच्याकडे बघून. त्यासाठी एक वही घाला. तो भुंकला, घाबरला, काही फाडलं, की तीन गोष्टी लिहा: काय झालं, त्याच्या लगेच आधी काय झालं होतं, आणि नंतर त्याला काय मिळालं. आमची चिंगी संध्याकाळी मधेच उठून घरभर भुंकत सुटायची. कोणी म्हणे लाडावलीय, कोणी म्हणे राखणदाराचं रक्त आहे. वहीत काही नोंदी जमल्यावर दिसलं, की दर वेळी त्याच्या आधी जिन्याकडचं दार आपटलेलं असायचं. उपाय मग सोपा होता: दाराला रबराची पट्टी लावली, आणि आवाज आला की तिला खाऊ मिळू लागला. भुंकणं हळूहळू ओसरलं.

१. आणण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा

कुटुंबातला कुत्रा बिघडतो तो बहुतेक वेळा घरात एकमत नसल्यामुळे. एक जण सोफ्यावर घेतो, दुसरा हाकलतो. एक जण जेवताना घास देतो, दुसरा ओरडतो. कुत्र्याला यातून एवढंच कळतं, की चिकाटी धरली तर कधी ना कधी मिळतं.

आणण्याच्या आधीच्या आठवड्यात पुढच्या गोष्टी ठरवून कागदावर लिहा आणि तो कागद फ्रिजवर लावा:

- कुत्रा कुठे झोपेल? सोफा आणि पलंग चालेल की नाही?
- सकाळी आणि रात्री फिरवायला कोण नेईल? ते आजारी पडले तर कोण?
- खायला कोण घालेल? (दोघांनी घातलं की कुत्रा लठ्ठ होतो.)
- कोणत्या गोष्टीसाठी कोणता शब्द वापरायचा?

शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. बाबांच्या तोंडी "खाली" म्हणजे सोफ्यावरून उतर, आणि मुलीच्या तोंडी "खाली" म्हणजे पोटावर झोप. एका शब्दाला एकच अर्थ ठेवा आणि आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी तोच वापरा.

त्याच आठवड्यात घरभर गुडघ्यांवर फिरून बघा. त्या उंचीवरून लोंबत्या वायरी, कचऱ्याचा डबा, औषधांचा खण, बाल्कनीच्या गजांमधली फट, सगळं वेगळं दिसतं. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण, आणि झायलिटॉल असलेले साखरविरहित च्युइंगगम किंवा मिठाया कुत्र्यासाठी विषारी असतात. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन यांसारखी माणसांची वेदनाशामकंही तशीच. "बिचाऱ्याला ताप आलाय" म्हणून घरातली गोळी देणं जिवावर बेतू शकतं. कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, म्हणून माणसाच्या हाताला तो एरवीही गरमच लागतो.

२. काय काय लागेल

वस्तू:

- सपाट गळपट्टा, आणि त्यावर फोन नंबर कोरलेला बिल्ला
- कमीजास्त करता येणारा हार्नेस (छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा). मिश्र पिल्लू किती वाढेल याचा नेमका अंदाज कोणालाच देता येत नाही, त्यामुळे महागडा, एकाच मापाचा घेऊ नका
- दीड-दोन मीटरची साधी दोरी, आणि मोकळ्या जागेत सरावासाठी पाच ते दहा मीटरची लांब दोरी. गुंडाळी होणारी, आपोआप सैल-घट्ट होणारी दोरी सुरुवातीला नको: ती कुत्र्याला ओढायलाच शिकवते
- पाण्याचं आणि खाण्याचं जड भांडं
- बसायची गादी, शक्य असल्यास पिंजरा किंवा अडवून घेतलेला कोपरा
- चावायची खेळणी, वेगवेगळ्या कडकपणाची. रंग निळा किंवा पिवळा घ्या. कुत्र्याला लाल आणि हिरव्यात फारसा फरक दिसत नाही, त्यामुळे गवतात पडलेला लाल चेंडू त्याला सापडत नाही
- कंबरेला अडकवायची खाऊची पिशवी
- एन्झाइमयुक्त स्वच्छता द्रव (का, ते पाचव्या पायरीत)

कागद:

- लसीकरण आणि जंतनाशकाचं पुस्तक
- दत्तक घेतल्याचा किंवा हस्तांतरणाचा कागद
- मायक्रोचिपचा (कातडीखाली बसवतात त्या इवल्या चिपचा) क्रमांक, चिप असल्यास. आंतरराष्ट्रीय मानकाची चिप १५ अंकी असते. चिप कुत्रा कुठे आहे ते दाखवत नाही. कोणी सापडलेल्या कुत्र्यावर स्कॅनर फिरवला तरच क्रमांक दिसतो, आणि तो क्रमांक तुमच्या चालू फोन नंबराशी जोडलेला असेल तरच उपयोग. पत्ता बदलला की नोंदही बदला
- नसबंदी झाली असल्यास तिचं प्रमाणपत्र
- तुम्ही राहता तिथे कुत्र्याची नोंदणी सक्तीची असेल, तर तिची पावती

आधीच्या ठिकाणी कुत्रा काय खात होता, ते विचारून लिहून घ्या आणि पहिले काही दिवस तेच द्या. नवं खाणं आठवडाभरात थोडं थोडं मिसळत न्या. एकदम बदललं की जुलाब ठरलेले.

३. पहिले दिवस: काही शिकवू नका

सगळ्यांना हौस असते. शेजारी बघायला येतात, मुलं उचलून घेतात, फोटो निघतात. कुत्र्याच्या बाजूनं बघा: त्याच्या ओळखीचा एकही वास आता आसपास नाही.

कुत्रे दत्तक देणाऱ्या लोकांत एक ढोबळ हिशोब चालतो: तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. प्रत्येक कुत्रा या वेळापत्रकानं चालत नाही, पण घाई करणाऱ्यांना आवरायला ते उपयोगी पडतं.

आल्या आल्या दोरी लावूनच त्याला शी-शूच्या जागी न्या. मग घरात, एका वेळी एक खोली. त्याची जागा दाखवा, पाणी ठेवा आणि बाजूला बसा. तो आला तर हात पुढे करा, नाही आला तर राहू द्या. पाहुण्यांना पुढच्या आठवड्याचं निमंत्रण द्या. पहिल्या दिवशी न खाणं, कोपऱ्यात झोपून राहणं हे चालण्यासारखं आहे. पण लहान पिल्लू दिवसभर काही खात नसेल, किंवा उलट्या, जुलाब होत असतील, तर थांबू नका, डॉक्टर गाठा.

पहिल्या रात्री त्याला तुमच्या खोलीत, निदान तुमचा श्वास ऐकू येईल इतक्या अंतरावर झोपवा. "रडू दे, सवय होईल" हा सल्ला अनेक जण देतील. आईपासून नुकतंच तुटलेलं पिल्लू त्यातून एवढंच शिकतं, की बोलावून कोणी येत नाही. गादी पुढे रोज थोडी थोडी सरकवत हव्या त्या जागी नेता येते.

आणि दारं, फाटकं! नवा कुत्रा घाबरून निसटतो तो याच दिवसांत. पहिले काही आठवडे गळपट्टा आणि हार्नेस, दोन्ही घालून न्या.

४. डॉक्टर, लसी, जंत

पहिल्याच आठवड्यात एकदा दाखवून आणा, आणि जमलं तर त्याआधी एकदा नुसतंच जाऊन खाऊ खाऊन परत या.

पिल्लाला डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिसची पहिली लस साधारण ६ ते ८ आठवड्यांचं असताना देतात आणि पुढचे डोस दर २ ते ४ आठवड्यांनी, वय १६ आठवडे पूर्ण होईपर्यंत. इतके डोस लागण्याचं कारण आईचा चीक. चिकातून मिळालेली प्रतिकारशक्ती पिल्लाचं रक्षण करते, पण तीच लसही निष्प्रभ करते. ती कोणत्या पिल्लात कधी ओसरेल, सांगता येत नाही. म्हणून "एक इंजेक्शन झालंय, आता कुठेही नेऊ" हा सापळा आहे, आणि पार्व्होनं दगावणारी पिल्लं बरीचशी याच मधल्या काळातली असतात. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर. पुढचे डोस कधी, ते डॉक्टर आणि स्थानिक नियम सांगतील. या लशीची तारीख चुकवू नका. कुत्र्यात काय किंवा माणसात काय, रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर वाचवणं जवळपास अशक्य असतं. कोणताही कुत्रा चावला किंवा त्यानं ओरखडलं, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

"मिश्र जातीचा आहे, याला काही होत नाही" असं तुम्ही ऐकाल. अर्धं खरं आहे. डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०१३ साली २७,००० हून अधिक कुत्र्यांच्या नोंदी तपासल्या गेल्या. २४ आनुवंशिक विकारांपैकी १० शुद्ध जातीच्या कुत्र्यांत जास्त दिसले, १३ विकारांत दोघांमध्ये फरक नव्हता, आणि गुडघ्याचा क्रूशिएट लिगामेंट (सांध्यातली हाडं धरून ठेवणारा पट्टा) फाटण्याचं प्रमाण मिश्र कुत्र्यांतच जास्त होतं. तपासणी टाळायला मिश्र रक्त हे कारण होत नाही.

उलट एक काळजी मिश्र कुत्र्याच्या बाबतीत जास्तच घ्यावी लागते. कॉलीसारख्या, मेंढ्या राखणाऱ्या जातींत एमडीआर-१ या जनुकाचा दोष आढळतो. तो असलेल्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिनसारख्या काही औषधांचे मोठे डोस मेंदूपर्यंत पोचून विषारी ठरतात. तुमच्या कुत्र्यात ते रक्त आहे की नाही, हे दिसण्यावरून कळणार नाही. म्हणून खरूज किंवा गोचिडांवर शेजाऱ्यानं सुचवलेलं औषध स्वतःच्या अंदाजानं देऊ नका.

५. शी-शूची सवय

यात कुत्र्याच्या हुशारीपेक्षा तुमचा नेम जास्त कामाला येतो. पिल्लाला बाहेर न्यायच्या वेळा ठरलेल्या आहेत: झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर, आणि जागं असताना साधारण दर दोन तासांनी. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवला की येतील तितके तास ते जास्तीत जास्त दम धरू शकतं, असा ठोकताळा आहे. तीन महिन्यांच्या पिल्लाला चार तास, तेही फार ताणून.

ठरलेल्या एकाच जागी न्या. उभे राहा. बोलू नका, खेळू नका. झालं, की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात परत येऊन खाऊ दिला तर त्याला वाटतं, घरात आल्याबद्दल मिळाला. आणि झाल्या झाल्या ताबडतोब घरी ओढून आणू नका. बाहेरची मजा लवकर संपू नये म्हणून कुत्रे दम धरायला शिकतात, आणि मग घरी आल्यावर गालिच्यावर मोकळे होतात. अनेकांना हे कोडं वाटतं. झाल्यावर पाच मिनिटं हुंगू द्या.

घरात झालं तर निमूट पुसा. नाक घासणं, ओरडणं यातून तो फक्त तुमच्यासमोर करायचं टाळतो, आणि मग बाहेर नेलं तरी तुमच्यासमोर करत नाही. पुसायला अमोनिया असलेला द्रव वापरू नका, त्याचा वास लघवीशी मिळताजुळता असतो. एन्झाइमचा द्रव लघवीतले घटक मोडतो, तो घ्या. शिकलेला कुत्रा अचानक पुन्हा घरात करू लागला, तर आधी मूत्रमार्गाचा संसर्ग आहे का ते तपासा.

६. त्याचं अंग वाचायला शिका

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. बाकीच्या पायऱ्या हिच्यावर उभ्या आहेत.

कुत्र्यांच्या देहबोलीचे तक्ते सगळीकडे मिळतात: कान मागे म्हणजे भीती, शेपूट वर म्हणजे आत्मविश्वास. मिश्र कुत्र्यावर ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एक कान उभा आणि एक पडलेला, शेपूट पाठीवर वळलेली, डोळ्यांवर केस. तक्त्यातला कुत्रा तुमच्या घरात नाही. म्हणून आधी तो निवांत असताना बघा. दुपारी खाऊनपिऊन पडलेला असताना कान कुठे आहेत? शेपटीचा नेहमीचा बाक कसा आहे? तोंड किंचित उघडं असतं की मिटलेलं? हे चित्र डोक्यात पक्कं बसलं, की त्यातला फरक लगेच कळतो.

अस्वस्थ कुत्रा सहसा आधी बारीक खुणा करतो: खायचं काही समोर नसताना ओठ चाटणं, झोप नसताना जांभई, मान वळवणं, पुढचा एक पंजा उचलणं, अंग चोरणं. कोणी दखल घेतली नाही, तर तो ताठ होतो. मग गुरगुरतो, हवेत चावा घेतो, आणि शेवटी खरंच चावतो. "न सांगता चावला" असं म्हणतात तेव्हा बहुधा त्यानं पुष्कळ सांगितलेलं असतं.

खाताना बघा. भांड्यात तोंड घातलेला कुत्रा, कोणी जवळून गेलं की क्षणभर चघळायचं थांबतो. मान तशीच खाली, अंग लाकडासारखं, आणि डोळ्याच्या कडेला पांढरी कोर दिसते. अर्ध्या सेकंदाचा खेळ. इथे भांड्यात हात घालून "मी मालक" दाखवलं, की पुढच्या वेळी तो आणखी लवकर ताठ होतो. त्याऐवजी जाता जाता लांबूनच भांड्याकडे एक चांगला घास टाका आणि चालत राहा. काही आठवड्यांत माणूस जवळ आला की तो आशेनं मान वर करू लागतो.

शेपूट हलते म्हणजे खूश, हाही एक धोकादायक समज. कंबरेपासून सगळं अंग सैल हलत असेल तर खूश. शेपूट उंच, ताठ आणि बारीक बारीक थरथरत असेल तर थांबा.

गुरगुरल्याबद्दल कधीही मारू किंवा रागावू नका. गुरगुरणं दाबलं की इशारा जातो आणि भीती तशीच राहते.

७. शिकवण्याची पद्धत

ज्या वागण्यानंतर चांगलं काही मिळतं ते वाढतं, ज्यातून काहीच मिळत नाही ते विझतं. प्रशिक्षणाचा पाया एवढाच. अडचण वेळेची असते: बक्षीस एक-दोन सेकंदांत पोचलं पाहिजे. खाऊ पिशवीतून काढेपर्यंत कुत्रा उठून उभा राहिलेला असतो आणि बक्षीस उठण्याला मिळतं. म्हणून एक छोटा शब्द ठरवा, उदाहरणार्थ "छान". आधी नुसतं "छान" म्हणा आणि खाऊ द्या, असं काही दिवस. शब्दाचा अर्थ त्याला कळला, की बरोबर केल्याच्या क्षणी "छान" म्हणायचं, खाऊ मागून आला तरी चालतो.

खाऊचा तुकडा मटारच्या दाण्याएवढा. दिवसभरातले असे तुकडे एकूण आहाराच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा. सराव तीन ते पाच मिनिटं, दिवसातून काही वेळा, आणि तो अजून उत्साहात असतानाच थांबवायचा. स्वयंपाकघरात शिकलेलं रस्त्यावर येत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नका. कुत्र्याच्या लेखी ती वेगळी गोष्ट असते. प्रत्येक नव्या जागी पुन्हा पहिल्यापासून, थोडक्यात.

"त्याला दाबून ठेवा, नाहीतर तो कळपाचा प्रमुख होईल" हा सल्ला हमखास मिळेल. त्याचं मूळ प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली मांडलेल्या, बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांत आहे. एकमेकांना अनोळखी लांडगे एकत्र कोंडले होते, ते भांडले. ती कल्पना पुढे पसरवण्यात ज्यांचा हात होता, त्या लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला लांडग्यांचा कळप म्हणजे सहसा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. कुत्र्याला उताणं पाडणं, मानगूट धरून हलवणं यांना यातून कुठलाच आधार मिळत नाही. भित्रा कुत्रा अशा वेळी चावतो.

८. पहिले पाच शब्द

नाव. नाव घ्या, त्यानं बघितलं की खाऊ. रागावताना नाव वापरू नका.

बस. खाऊ नाकासमोरून डोक्यामागे न्या, मान वर गेली की मागचा भाग आपोआप टेकतो. जमू लागलं की शब्द जोडा. पाठ दाबून बसवू नका.

सोड. तोंडातली वस्तू ओढू नका. जास्त चांगली वस्तू नाकाशी धरा, सोडली की द्या, आणि शक्य असेल तर पहिली वस्तूही परत द्या. सोडल्यानं नुकसान होत नाही, हे त्याला कळायला हवं.

थांब. दारात उभे राहा, दार किंचित उघडा. तो घुसला तर मिटा, थांबला तर उघडा. दारच शिकवतं.

ये. हा शब्द एखाद्या दिवशी त्याचा जीव वाचवेल, म्हणून तो जपून वापरा. सुरुवात घरातच, दोन पावलांवरून. आला की भरघोस बक्षीस: एक तुकडा नाही, एकामागून एक चार-पाच. मग दुसऱ्या खोलीतून, मग अंगणातून, मग लांब दोरीवर मोकळ्या जागेत. "ये" म्हणून बोलावून आंघोळ घालायची नाही, नखं कापायची नाहीत, रागवायचं तर मुळीच नाही. त्या कामांसाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं. तो येणार नाही अशी खात्री असेल तेव्हा हाक मारूच नका, कारण दर वाया गेलेल्या हाकेबरोबर शब्द बोथट होतो. बागेत खेळताना मध्येच बोलवा, खाऊ द्या, आणि पुन्हा खेळायला सोडा. बोलावणं म्हणजे मजा संपली, हे समीकरण त्याच्या डोक्यात बसू देऊ नका.

ओढत चालणाऱ्यांसाठी: दोरी ताणली की थांबा, सैल झाली की चाला. पहिले काही दिवस कोपऱ्यापर्यंतही पोचणार नाही, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि रोजच्या फेरीत थोडा वेळ त्याला मनसोक्त हुंगू द्या. हुंगून कुत्रा जितका निवतो तितका नुसतं चालून निवत नाही.

९. दातांचे महिने

साधारण साडेतीन-चार महिन्यांपासून सहा-सात महिन्यांपर्यंत २८ दुधाचे दात पडून ४२ पक्के येतात. या काळात सगळंच कुरतडलं जातं. ओलं करून गोठवलेलं फडकं आणि चावायची खेळणी द्या, चपला उचलून ठेवा. हात चावला तर खेळ थांबवा, काही सेकंद बाजूला व्हा, मग खेळणं पुढे करा. शिजवलेली हाडं देऊ नका, ती टोकदार चिरफळ्या होऊन फुटतात.

१०. माणसाळवणं

पिल्लू तीन आठवड्यांचं झाल्यापासून साधारण चौदा आठवड्यांपर्यंतचा काळ फार मोलाचा. या दिवसांत जे बिनधोक म्हणून ओळखीचं होतं, ते आयुष्यभर सोपं जातं. पेच असा, की याच दिवसांत लसी पूर्ण झालेल्या नसतात. मार्ग आहे: त्याला कडेवर घेऊन बाहेर जा. छत्री, सायकल, टोपी घातलेला माणूस, कुबडी, लहान मुलाचं रडणं, सगळं अंतरावरून दाखवा आणि खाऊ द्या. अनोळखी कुत्र्यांनी घाण केलेल्या जमिनीवर सोडू नका. लस झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीच्या कुत्र्याशी भेट घडवायला हरकत नाही.

मोठा कुत्रा आणला असेल, तर ही वेळ निघून गेलेली असते. तरी तो बदलतो, सावकाश. ज्याची भीती वाटते त्यापासून इतक्या लांब राहा, की त्याला ते दिसतं पण तो खाऊ घेऊ शकतो. खाऊ नाकारला म्हणजे तुम्ही फार जवळ आहात. मागे या.

११. एकटं राहणं

पहिल्याच दिवशी सुट्टी काढून सतत सोबत राहायचं आणि सुट्टी संपल्यावर एकदम आठ तास गायब व्हायचं, असं करू नका. दुसऱ्या दिवसापासूनच दाराबाहेर जाऊन काही सेकंदांत परत या. मग मिनिट, मग पाच. जुना फोन लावून चित्रीकरण करा. पडून राहिला तर वेळ वाढवा, दाराशी ओरबाडत असेल, लाळ गाळत असेल, अखंड भुंकत असेल तर कमी करा. ही घाबरगुंडी असते, सूड नसतो, त्यामुळे परत आल्यावर रागावून काही साधत नाही.

१२. घरात लहान मुलं असतील तर

मुलांना चावणारा कुत्रा बहुतेक वेळा ओळखीचा, घरातलाच असतो. कितीही गरीब असला, तरी लहान मूल आणि कुत्रा यांना मोठ्या माणसाच्या नजरेआड सोडू नका. मुलांना शिकवा: मिठी मारायची नाही, झोपलेल्याला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, तोंडातलं काढायचं नाही. आणि एक युक्ती मुलं पटकन उचलतात: छातीजवळ हलकेच कुरवाळायचं, मग तीन सेकंद हात काढून घ्यायचा. तो जवळ सरकला, नाकानं हात ढोसला, तर अजून हवंय. तिथेच राहिला किंवा मान फिरवली, तर पुरे. आमच्याकडे मुलं आता पाहुण्यांनाही हे करून दाखवतात.

१३. वयात येताना

सहा महिन्यांनंतर शिकलेला कुत्रा अचानक बहिरा झाल्यासारखा वागतो. याच सुमारास पुष्कळ लोक हरतात आणि कुत्रा दुसऱ्याला देऊन टाकतात. २०२० साली ब्रिटनमधल्या संशोधकांच्या अभ्यासात असं दिसलं, की आठ महिन्यांच्या आसपासचे कुत्रे अनोळखी माणसाचं ऐकतात, पण आपल्या माणसाचं तितकं ऐकत नाहीत. पुढे ते पुन्हा ऐकू लागतात. हा काळ सरतो. तोवर लांब दोरी परत काढा, सोपे सराव करा, बक्षीस वाढवा.

मादी साधारण सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान पहिल्यांदा माजावर येते, मोठ्या अंगाची असेल तर आणखी उशिरा. नसबंदी कधी करायची, हे कुत्र्याचं पूर्ण वाढलेलं वजन किती असेल यावरही अवलंबून असतं, म्हणून पाच महिन्यांच्या सुमारास डॉक्टरांशी बोलून ठेवा.

१४. प्रशिक्षकाची मदत कधी घ्यायची

कातडी फुटेल असा चावा, घरातल्याच माणसावर वारंवार ताठ होणं, एकटं राहिल्यावर स्वतःला जखमा करणं: इथे आपापले प्रयोग थांबवा. आधी पशुवैद्याकडून दुखणं नाही ना ते तपासा. कानाचा संसर्ग, दात, सांधे यांच्या वेदनेनं शांत कुत्राही बदलतो. मग प्रशिक्षक शोधा. त्याला तीन प्रश्न विचारा: कुत्र्यानं बरोबर केलं तर तुम्ही काय करता, चुकला तर काय करता, आणि शिकवताना आम्ही समोर असू का? काटेरी पट्टा, विजेचा झटका, "माझ्याकडे दहा दिवस सोडून जा, सरळ करून देतो" यांपैकी काहीही उत्तरात आलं, तर दुसरा प्रशिक्षक बघा.